आकडा मी तुला सांगितला नाही

यवतमाळ,
रविवार, दुपार

प्रिय माय,

तुला पत्र लिहिण्याची मला सवय नाही. नागपूरला वर्षभर शिकायला होते तेव्हा दोन कार्डं पाठवली होती, दोन्हींत मिळून सात ओळी. ती तुला शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवली. हे पत्र तुला कोणी वाचून दाखवणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते आहे.

शुक्रवारी डॉक्टरांनी मला बोलावून एक काम दिलं. ढाणकीकडचा एक माणूस दवाखान्यात आला आहे. तुला होता तोच आजार, तुला दिल्या होत्या त्याच गोळ्या. दर आठवड्याला तो रक्त तपासायला येईल, पण मधले सहा दिवस आपल्या डोळ्यांआड राहील. म्हणून गोळ्या घरी नेणाऱ्यांसाठी एक पत्रक करायचं: गोळी कशी घ्यावी, तिचा त्रास काय होतो, केव्हा धावत यावं. "तुम्ही नेमकं लिहिता, तुम्हीच लिहा," असं ते म्हणाले.

आज सकाळी बसले. पहिली सूचना लिहिली: गोळी पाण्याबरोबर अख्खी गिळावी, फोडू किंवा कुटू नये. दुसरी लिहिली: एखाद्या दिवशी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. तिसरी सुरू केली, "ताप आल्यास", आणि पुढे लिहिता येईना. तुला जाऊन चौदा महिने झाले. तो कागद मी बाजूला ठेवला आणि हा घेतला.

माय, तुला आठवतं, तू पहिल्यांदा कशासाठी आली होतीस? डाव्या कुशीत जड लागतं म्हणून. आर्णीच्या एस.टी.तून उतरलीस, प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिलीस आणि पोटावर हात ठेवून मला म्हणालीस, "पाय वं, माह्या हाताखालून एवढी पोटं गेली, पन हे काही मले समजून नाही राह्यलं. लेकरू असतं तं हाललं असतं."

तू हसत होतीस. मी हसले नाही. दवाखान्यात मी हसत नसे, विशेषतः तुझ्याशी. आपल्या वस्तीतून इथवर आलेली मी पहिली मुलगी. मायशी गप्पा मारत बसते असं कोणी म्हणायला नको, एवढंच मनात असायचं.

तुझं रक्त मीच काढलं. सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली पाहिलं तेव्हा डॉक्टरांच्या आधी मला कळलं. पांढऱ्या पेशी इतक्या होत्या की त्या मोजायचं नेहमीचं पिपेट पुरलं नाही, तांबड्या पेशींचं घेऊन रक्त जास्त पातळ करावं लागलं. सात-आठ हजार असायला हव्यात, तिथे दोन लाखांच्या वर. मी तीनदा मोजलं. माझी चूक सापडावी एवढंच मला हवं होतं. चूक नव्हती. रक्ताचा कर्करोग होता.

तुला काय सांगितलं? "रक्तात दोष आहे. गोळ्या सुरू होतील." तू विचारलंस, गोळीनं जाईल का. मी म्हणाले, कमी होईल. ते उत्तर अचूक होतं. अचूक उत्तर दिल्याचं मला तेव्हा समाधानही वाटलं होतं. आईला असं उत्तर देऊन समाधान वाटतं अशी मुलगी तू कशी वाढवलीस गं?

डॉक्टरांनी बाटली तुझ्या हातात दिली. बारीक, पांढऱ्या गोळ्या. तू एक तळहातावर घेऊन बघितलीस आणि त्यांनाच विचारलंस, एवढ्या मोठ्या पोटाले एवढूशी गोळी? डॉक्टर म्हणाले, "बाई, हिच्या आकारावर जाऊ नका." मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. रोज दोन, एकाच वेळी. पाणी भरपूर प्यायचं. अन्नावरची वासना जाईल, अंगाचा रंग काळवंडेल. कोरडा खोकला झाला, हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे डाग उठले, शौचाला काळं झालं, घसा धरला, ताप आला, तर त्याच दिवशी यायचं. आठवड्याला रक्त तपासल्याशिवाय पुढच्या गोळ्या मिळणार नाहीत. आणि गरोदर बाईच्या हाती ही गोळी कधी पडू द्यायची नाही, कारण पोटातलं मूल ती बिघडवते.

या शेवटच्या गोष्टीला तू दोनदा मान हलवलीस. बाकीच्यांना एकेकदा. मी बघत होते.

ती सूचना तू कशी पाळलीस ते मला आपल्या वस्तीतल्या बायकांनी नंतर सांगितलं. शेजारची सहा महिन्यांची पोटुशी पोर तुझ्याकडे बसायला यायची. सरकारी दवाखान्यातली गोळी म्हणजे ताकदीची असणार असं तिच्या मनानं घेतलं. मले एक दे ना, मावशी, म्हणून मागे लागली. तू बाटली शिंक्यात वर टांगलीस, शिंकंही हाताला येणार नाही इतकं उंच बांधलंस, आणि तिला म्हणालीस, "मले मागायचं तं माहं लुगडं माग, पन इच्याकडं पाहू बी नोको." गोळी घेतली की राखेनं हात धुवायचीस आणि मगच कुणाच्या पोटाला हात लावायचीस. हात धुवायचं तर डॉक्टरांनी सांगितलंही नव्हतं. ते तुझं तू जोडलंस.

ज्या नियमाचं कारण तुला कळलं तो तू असा पाळलास. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं की नाही?

मग सुरू झाले आपले मंगळवार. सकाळच्या एस.टी.नं यायचीस, बाकावर बसायचीस, नाव पुकारलं की आत येऊन डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पुढे करायचीस. उजव्या हाताला मी सुई लावू पाहिली तर मागे ओढलास. "हे कामाचे बोटं हाय. यायले काही करू नोको." तीस वर्षं ज्या हातानं मुलं जगात आणलीस तो हात तू माझ्यापासूनही जपत होतीस.

बोट पुसता पुसता दर वेळी विचारायचीस, किती निघाल्या आज? आणि मी दर वेळी म्हणायचे, "ठीक आहे" किंवा "कमी होतायत." आकडा रोग्याला सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यायचा, असं मी शिकले होते. नियम वाईट नाही. आकडे ऐकून लोक उगाच घाबरतात. इतरांच्या बाबतीत कधी कधी मी तो थोडा सैल सोडला. तुझ्या बाबतीत एकदाही नाही.

गोळी लागू पडली. दोन महिन्यांत पोट उतरलं, लुगड्याची गाठ पूर्वीच्या जागी आली, ज्वारीची दीड भाकर जाऊ लागली. पण अंग काळवंडलं. आधी बोटांची पेरं, मग मान, मग तोंड. कोणी तरी तुला बोललं असणार, कारण एका मंगळवारी तू आत येताच म्हणालीस, "मले तव्यावर ठेवून उलटवली नाही अजून. एकाच बाजूनं करपून राह्यली." मग विचारलंस, जाईल का हे? मी म्हणाले, औषधाचा परिणाम आहे, अपेक्षित आहे.

अपेक्षित! मायला असं म्हणतात का?

दर मंगळवारी मी तुझ्या हिरड्या बॅटरीच्या उजेडात पाहत असे. तू तोंड उघडून बसायचीस, डोळे माझ्यावर. तुझ्या इतक्या जवळ मी लहानपणानंतर तेव्हाच आले. कामाच्या निमित्तानं.

आकडा अठरा हजारांपर्यंत उतरला आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली. त्यांनी मला नीट समजावलं: गोळी थांबली तरी तिचं काम हाडांच्या आत काही आठवडे चालू राहतं. पेशी उतरतच राहतील, किती उतरतील ते आधी सांगता येत नाही. त्या काळात साधा घसा धरला तरी तो जिवावर बेतू शकतो. महिना-दीड महिना गर्दी नाही, तापाचं घर नाही, बाळंतपणाला जाणं नाही. "तुम्ही तुमच्या आईला समजावून सांगा," म्हणाले. "तुमच्याइतकं कोणाला जमणार?"

मी बाहेर येऊन तुला म्हणाले, महिनाभर घरीच बस, कुठे जाऊ नकोस.

"काहून? गोळी तं बंद झाली ना. मी बरी झाली ना?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

एवढंच. तीन शब्दही नाहीत, माय. मी मोजले.

पुढच्या मंगळवारी नऊ हजार. त्याच्या पुढच्या मंगळवारी चार हजार. मग मोजणीच्या काचेवरच्या चार चौकोनांत मिळून अडतीस पेशी भरल्या, पन्नासनं गुणलं की एकोणीसशे. तुला म्हणाले, जपून राहा. तू म्हणालीस, जपूनच हाय. आणि तू माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिलीस. कळा देणाऱ्या बायकांची तोंडं वाचत तुझा जन्म गेला. माझ्या तोंडावर तुला काय दिसलं? मी पिपेट धुवायला वळले.

त्या दिवशी मी तुला इथे, माझ्या खोलीवर का ठेवून घेतलं नाही? विचारलं होतं, खरं आहे. तू म्हणालीस, तुह्या खोलीत दिवसभर भिंतीकडं पाहत बसू काय? आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला दुसऱ्यांदा विचारता येत नाही. ते तुला माहीत होतं, मग तूच का राहिली नाहीस?

पुढचं सगळं मी तू गेल्यावर ऐकलं. तेरा-चौदा दिवसांनी मी वस्तीजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेले होते. तिथल्या प्रमुखाच्या, नायकाच्या बायकोनं, नायकणबाईनं, मला बाजेवर बसवून सांगितलं. तिच्या सुनेला दीड दिवस कळा चालल्या होत्या. त्यांची म्हातारी दाई थकली, तेव्हा त्यांनी तुझ्याकडे बैलगाडी पाठवली.

"तुही माय नाही म्हने," नायकणबाई म्हणाली. "पोरीनं मना केलं म्हने. मी सोता आलती गाडीत. मी म्हनलं, गंगाबाई, आजलोक तू कोनाले नाही म्हनली नाही."

ते खरं होतं. वस्तीतले लोक नागपूरहून दीक्षा घेऊन परत आले, जातीनं लादलेली कामं सोडायची असं ठरलं, तेव्हा तू बाकी सगळं एका दिवसात सोडलंस. सुईणपण सोडायची गोष्ट निघाली तेव्हा मात्र पुढाऱ्यांसमोर उभी राहून म्हणालीस, लेकरू आनन्याले जात नाही लागत, हात लागतात. माहे हात हाय. त्यानंतर तू नुसती चोळी-बांगडी घेऊन उंबऱ्याबाहेर बसणारी राहिली नाहीस. आत जायचीस, बाजेवर बसायचीस, आणि बोलावणं आलं की निघायचीस. कोणी हुकूम केला म्हणून नव्हे, तू ठरवलं होतंस म्हणून.

तर तू तांड्यावर गेलीस, पण आत गेली नाहीस. नायकणबाईनं मला ती जागा दाखवली. दाराबाहेरच्या दगडावर बसून तू आतल्या दाईला सांगत होतीस, असं धर, तसं वळव, आता जोर लावू देऊ नको. दोन तास. माय, तू माझं ऐकत होतीस! कारण माहीत नसताना, नुसतं मी सांगितलं म्हणून, दोन तास बाहेर बसलीस.

मग आतून दाई ओरडली, की पाय आधी आले. तू उठलीस. "आता भाहीर बसून होत नाही," एवढंच बोललीस. उकळतं पाणी मागितलंस, कोपरापर्यंत हात धुतलेस आणि आत गेलीस. मुलगी झाली. रडायला वेळ लावला तिनं, पण रडली.

आणि माय, आता मी जे लिहिणार आहे ते मला कोणाला सांगता आलेलं नाही. त्याच घरात सुनेची तीन वर्षांची मोठी मुलगी भिंतीशी झोपली होती. घसा सुजलेला, अंगात ताप. तू बाळ पुसता पुसता तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, हिले आंधी दुसऱ्या घरात न्या, ओल्या बाळंतिनीपाशी तापाचं मानूस नोको. तिला नेलं. मग तू तुझे सगळे नियम लावलेस. दाराशी कडुनिंब. पाणी उकळूनच. भांडी वेगळी. ज्याला खोकला त्यानं अंगणातूनच परत फिरायचं. पाच दिवस कोणी पाहुणा नाही. नायकणबाई कौतुकानं सांगत होती, की नायकालाही तू दाराच्या आत येऊ दिलं नाहीस.

जे जे तुझ्यासाठी करायला हवं होतं, ते ते सगळं तू तिच्यासाठी केलंस. आणि स्वतः त्या तापलेल्या मुलीच्या मोकळ्या झालेल्या गोधडीवर पाठ टेकलीस.

तिसऱ्या दिवशी तुझा घसा धरला, संध्याकाळी ताप चढला. नायकणबाईनं विचारलं तर म्हणालीस, उनाचा हाय. पाचव्या दिवसाचं न्हाणं झाल्याशिवाय सुईण बाळंतिणीला सोडून जात नाही, म्हणून राहिलीस. मधेच मंगळवार येऊन गेला. इथे मी सुई उकळून ठेवली होती. साडेअकराला एस.टी. आली, तू उतरली नाहीस. मला वाटलं, गाडी चुकली असेल. कोणाला पाठवलं नाही, निरोप दिला नाही. वहीत तुझ्या नावापुढे "गैरहजर" लिहिलं. माझ्या अक्षरात आहे ते, अजून.

याबद्दल मला तुझा रागही येतो, हे लपवत नाही. ताप आला तर त्याच दिवशी यायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू ऐकलं होतंस, एकदा मान हलवली होतीस. तांड्यावर बैलगाडी होती, माणसं होती. का नाही आलीस? एका दिवसाच्या न्हाण्यासाठी?

सातव्या दिवशी आलीस. दवाखान्याच्या फाटकाशी मी तुला पाहिलं. चालत होतीस, पण फाटकाला धरून. घशात पांढरे चट्टे होते. चार चौकोनांत बारा पेशी, म्हणजे सहाशे. मी मान खाली घालून नऊही चौकोन मोजले, कुठे तरी जास्त सापडतील म्हणून. सापडल्या नाहीत.

पेनिसिलिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप जरा उतरला होता, तेव्हा तू मला खाटेवर बसायला सांगितलंस. दवाखान्याच्या कपड्यात मी रोग्याच्या खाटेवर बसत नसे. त्या दिवशी बसले.

"आता तरी सांग," तू म्हणालीस. "किती हाय?"

मी सांगितलं. सहाशे. असायला पाहिजेत सात हजार.

"अन् मांगच्या खेपेले?"

"एकोणीसशे."

तू विचारलंस, त्या पांढऱ्या काय करतात. मी म्हणाले, बाहेरचा ताप अंगात शिरला तर त्याच त्याला मारतात. त्या नसल्या की साधा घसाही रक्तात उतरतो. मग तू म्हणालीस,

"मंग मी बाळंतीनच होती की वं. ओली बाळंतीन. असं सांगतलं असतं तं मी माहाच दरवाजा लावून बसली असती."

मी तुझं पांघरूण सारखं केलं.

"बाळंतिनीचा ताप म्या कधी एक दिवस बी घरात ठेवला काय?"

नाही ठेवलास. मी साक्षीदार आहे. दहा वर्षांची असताना मी तुझ्याबरोबर एका घरी आले होते. तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला कणकण आली, आणि तू तिच्या सासऱ्याशी भांडून, चुलीवरचं अर्धं शिजलेलं तसंच सोडायला लावून, तिला गाडीत घालून आर्णीच्या दवाखान्यात नेलंस. रस्ताभर मला सांगत होतीस, की या बाईचं अंग कच्चं आहे, हिला ताप म्हणजे साधा ताप नव्हे. मला हे पाठ होतं, माय. नागपूरला जे शिकवलं त्याच्या कितीतरी आधी तूच मला हे शिकवलं होतंस. पांढऱ्या पेशींचं नाव तेवढं तुला माहीत नव्हतं.

तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तू उलट माझा हात घेतलास, बोटं उघडून पाहिलीस आणि म्हणालीस, किती थंडे हात ठेवतेस वं, बाळंतीन दचकन अशानं. त्यानंतर तू माझ्याशी फारसं बोलली नाहीस. चौथ्या दिवशी दुपारी गेलीस. त्या दिवसाचं तुझं रक्त मी मोजलं नाही. सुई हातात घेतली होती, ठेवून दिली.

तांड्यावर नायकणबाईनं ती मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. तिची आई दारात उभी होती, माझ्याकडे बघायचं धाडस तिला होत नव्हतं. मला वाटलं होतं मला त्या मुलीकडे पाहवणार नाही. पण सवयीनं मी आधी तिची नखं पाहिली. छान लाल होती. तिच्या आईला मी तेवढंच सांगितलं, की रक्त चांगलं आहे हिचं. ती रडायला लागली. मी निघाले.

काल, शनिवारी, तो ढाणकीचा माणूस गोळ्या सुरू करण्याआधीचं रक्त द्यायला आला. पन्नाशीचा आहे, हात राठ. पंचवीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, असं त्यानं मी विचारल्यावर सांगितलं. रोग्याला त्याचं काम मी पहिल्यांदाच विचारलं. मग विचारलं, तुमच्या तिथे सगळ्यात कशाला जपावं लागतं? तो म्हणाला, आगीले. कापसाची गंजी लागली की विडीची एक ठिणगी पुरते. वरून दिसत नाही, आतल्या आत धुमसते.

मी त्याला आकडा सांगितला. मग सांगितलं, की गोळी या पेशी उतरवेल, ते चांगलंच आहे. पण एक वेळ अशी येईल की त्या फार खाली जातील. गोळी बंद केली तरी जातील. तेव्हा तुमचं अंग म्हणजे कापसाची गंजी, आणि ताप, घसा, साधं गळू म्हणजे ठिणगी.

तो म्हणाला, "म्हंजे ताप आला तं सकाळची गाडी पाहत बसाचं नाही. भेटन ते वाहन धराचं. ठिणगीले येळ देत नसते, बाई."

पाच मिनिटं लागली, माय. घड्याळ समोर होतं. पाचच मिनिटं!

तो गेल्यावर मी हात धुतले, दार लावून घेतलं आणि तुझ्यासाठी रडले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. दुःखानं नव्हे, ते काम इतकं सोपं निघालं म्हणून. तुला सांगायला तर मला कोणाला काही विचारावंही लागलं नसतं. तुझं काम मला येत होतं. शब्द तुझेच होते, माझ्या तोंडात होते, आणि मी म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय.

पत्रक मी लिहीन. सगळ्या सूचना नेमक्या लिहीन, ताप, घसा, हिरड्या, निळे डाग, गरोदर बाया, काही सोडणार नाही. पण कागदाला समोरचा माणूस दिसत नाही, हे उद्या सकाळी मी डॉक्टरांना सांगणार आहे. या गोळीच्या रोग्याला त्याचा आकडा मी तोंडी सांगेन, हेही. ते नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारीन. त्यालाही नाही म्हणाले तर तिसऱ्यांदा.

आणि तुला हे वचन देते. या काचेखाली ज्याचं रक्त येईल, तो कोणी असो, त्याला आधी त्याचं काम विचारीन. त्याच्या कामात कशाला जपतात ते त्याच्याकडून शिकून घेईन. मगच त्याच्या बोटाला सुई लावीन.

तुझी मुलगी,
कुसुम